नादाची पूर्वसिद्धता

कार्यक्रम रात्रीं व्हावयाचा असला तरी त्याचा नाद आधींच सिद्ध करावा लागतो, हें तुळजापूरच्या गोंधळ्यांना वीज येण्याच्या पुष्कळ आधींपासून ठाऊक होतें. धाराशिव जिल्ह्यांतील या क्षेत्रीं भवानीच्या नांवानें गोंधळ घालणारे कदमराई गोंधळी तुणतुण्याची खुंटी पिळून तार गाणाराच्या स्वराला मिळवितात आणि संबळाचें कातडें पारखून घेतात. दमट हवेंत कातडें सैल पडतें, उबेनें ताणलें जातें. म्हणून दुपारीं घरांत जुळविलेलें वाद्य रात्रीं अंगणांत पुन्हां ऐकून पाहावें लागतें.

आज लोकगीतांच्या रंगमंचावर संबळाशेजारीं विजेची गिटारही दिसते. ही गिटार १९३२ च्या सुमारास अमेरिकेंत बाजारांत आली. तिचा आवाज घडतो तो मुख्यतः अँप्लिफायरमध्यें. त्यांतील व्हॉल्व्हांवर शक्तीबाहेर भार पडला म्हणजे स्वर फाटतो, आणि हा फाटलेला स्वरच पुढें वादकांना प्रिय झाला. मात्र तो मिळविण्यास जड पेट्या वाहाव्या लागत व त्या मोठ्यानेंच वाजवाव्या लागत. १९९५ सालीं जपानच्या रोलंड कंपनीनें आणि १९९८ सालीं अमेरिकेच्या लाईन सिक्स कंपनीनें या अडचणीवर तोड काढली. निरनिराळ्या अँप्लिफायरांचें वर्तन गणितानें वठविणारीं लहान यंत्रें त्यांनीं विक्रीस आणलीं. वादक घरीं बसून अँप्लिफायर, स्पीकर, मायक्रोफोन व प्रतिध्वनि यांची जुळणी करतो व तिला क्रमांक देतो. तिलाच प्रीसेट म्हणतात. रंगमंचावर पायानें कळ दाबली कीं तो आवाज हजर होतो.

परंतु घरीं गोड लागलेली जुळणी मंडपांत बिघडते. याचें कारण फ्लेचर व मन्सन या अमेरिकन संशोधकांनीं १९३३ सालींच दाखवून ठेविलें होतें. आवाज हलका असतां मनुष्याच्या कानाला खर्ज फार कमी ऐकूं येतो. आवाज चढला कीं तोच खर्ज भरून येतो. घरच्या शांततेंत वादक खर्ज वाढवितो, आणि मंडपांत तो घुमून गाणाराचे शब्द गिळून टाकतो. गोंधळांत तर आख्यानच मुख्य. शब्द कळेनासे झाले तर उरला केवळ गोंगाट.

म्हणून जाणते वादक जुळणी प्रत्यक्ष कार्यक्रमाइतक्या आवाजांत व इतर वाद्यांच्या संगतींत करतात. खर्ज छाटतात, प्रतिध्वनि आंखडता घेतात, सर्व क्रमांकांचा आवाज सारखा राखतात आणि एकट्यानें वाजविण्याच्या जागेपुरताच तो थोडा चढवितात. मंडपांत गेल्यावर ते पुन्हां एकवार ऐकून पाहातात. यंत्र क्रमांक विसरत नाहीं. परंतु मंडप केवढा, गर्दी किती आणि गाणाराचा गळा कसा लागला आहे, हें त्याला समजत नाहीं. तें काम अंगणांत संबळ पुन्हां पारखणाऱ्या गोंधळ्याप्रमाणें वादकाच्या कानालाच करावें लागतें.