वस्तादाची नजर

नगर जिल्ह्यात कुस्तीच्या फडाला हगामा म्हणतात. प्रवराकाठच्या कोल्हारसारख्या गावात पोरगा तालमीत आला की वस्ताद आधी त्याच्या बैठका बघतो. गुडघे आत वळतात का? जोर मारताना कंबर लोंबते का? करेला म्हणजे जड मुद्गल फिरवताना एक खांदा पडतो का? दोष दिसला की वजन वाढवायचे नाही. तीच हालचाल सावकाश, पुन्हा पुन्हा करून घ्यायची. आज कॉलेजांतले प्रशिक्षक खेळाडूची हालचाल तपासून दुरुस्तीचे व्यायाम देतात, तसेच हे.

ही नजर प्रयोगशाळेत नेली ती जगन्नाथ गणेश गुणे यांनी. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रोफेसर माणिकरावांच्या हाताखाली ते घडले. माणिकराव व्यायाम शिकवत, तसेच दुखावलेली हाडे आणि सांधेही बसवत. तालीम आणि उपचार एकाच छपराखाली! पुढे गुणे अंमळनेरला शिक्षक झाले, मग स्वामी कुवलयानंद.

उड्डियान आणि नौली या योगातल्या पोटाच्या क्रिया करताना आत नेमके काय घडते, हे त्यांनी क्ष-किरणांनी पाहिले, आतला दाब मोजला. परंपरेवर श्रद्धा असूनही तिला मोजपट्टी लावण्याचे हे धैर्य मोठे होते. 1924 साली लोणावळ्यात त्यांची योगसंस्था कैवल्यधाम उभी राहिली आणि त्याच वर्षी निघालेल्या 'योगमीमांसा' नियतकालिकातून हे प्रयोग छापले गेले.

1936 मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हवर कैवल्यधामाचे आरोग्यकेंद्र सुरू झाले. ते आजही चालू आहे.