धोंडू, दगडू आणि नकुशी

बाळाचं नाव गोड असावं असं आज सगळ्यांनाच वाटतं. पण आपल्याकडे मुद्दाम वाईट नाव ठेवायचीही रीत होती. लागोपाठ मुलं दगावली, की पुढच्याला धोंडू, दगडू, केरबा म्हणायचं. दगडाधोंड्याला कोण दृष्ट लावणार? केरातलं पोर यमाला तरी कशाला हवं? देवी आणि पटकीच्या साथींपुढे आईबापांच्या हाती दुसरं होतं तरी काय! त्या ओबडधोबड नावामागे माया होती.

शिवाय अशा नावाने सगळ्यांचंच काही अडलं नाही. १८५७ चे नानासाहेब पेशवे म्हणजे धोंडोपंत. महर्षी कर्वे म्हणजे धोंडो केशव. वयाच्या शंभरीत, १९५८ साली, ते भारतरत्न झाले.

पण असंच नाव वेशीबाहेर गेलं, की त्याचा अर्थ बदले. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितलंय, की ब्राह्मणाचं नाव मंगल, क्षत्रियाचं बलाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं तुच्छता दाखवणारं असावं. दया पवारांचं मूळ नाव दगडू मारुती पवार. १९७८ साली आलेल्या त्यांच्या 'बलुतं'मध्ये दया आणि दगडू समोरासमोर बसतात. एका घरात दगडू हे नाव दृष्ट टाळी, दुसऱ्या घरात तेच नाव पायरी दाखवी.

नकुशीची गोष्ट आणखी वेगळी. मुलीवर मुलगी झाली, की शेवटचीला हे नाव. यात तिचं रक्षण नव्हतं. पुढे मुलगी नको, एवढा निरोप होता. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभाने नवी नावं मिळाली. फार चांगलं झालं. पण त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली निघाल्या. २००१ साली त्या ९१३ होत्या. म्हणजे कित्येक घरांनी नकुशी म्हणायची वेळसुद्धा येऊ दिली नव्हती.

परवा पुतण्याने फोनवर विचारलं, "काका, मुलगा झाला तर पणजोबांचं धोंडो नाव ठेवू का? शाळेत पोरं चिडवतील अशी भीती वाटते." मी म्हटलं, पाळण्यातलं नाव धोंडो ठेव, दाखल्यावर दुसरं घाल. तो मोठा झाला की अशी नावं कशासाठी ठेवत, ते त्याला सांग. आणि मुलगी झाली, तर दोन्ही नावं हौसेने ठेव.