पस्तीस टक्क्यांचा उघडा हिशेब

नेतृत्वातील पारदर्शकता म्हणजे माहिती खुली करणे, असे सामान्यतः मानले जाते. परंतु आपली बाजू दुबळी करणारी माहितीही नेता खुली करतो काय, ही तिची खरी कसोटी आहे, असे आम्हांस वाटते. या दृष्टीने १९१८ चा अहमदाबादच्या गिरणी कामगारांचा लढा पाहण्याजोगा आहे.

प्लेगच्या काळात सुरू केलेला बोनस मालकांनी बंद करण्याचे ठरविले. महागाई मात्र ओसरली नव्हती. कामगारांच्या बाजूने अनसूयाबेन साराभाई उभ्या होत्या, तर मालकांच्या बाजूने त्यांचेच बंधू अंबालाल. मालक २० टक्के वाढ देऊ करीत होते. कामगारांची अपेक्षा ५० टक्क्यांची होती. गांधीजींनी वेतनाचा अभ्यास करून ३५ हा आकडा न्याय्य ठरविला आणि आपल्याच माणसांना मागणी खाली आणावयास लावली.

साबरमतीकाठी बाभळीच्या झाडाखाली सभा भरत व पत्रके वाचली जात. मूळ गुजरातीतील ही पत्रके साहित्याच्या अभ्यासकांनी गद्य म्हणूनही वाचावीत. ऐकणाऱ्याला एकदाच ऐकून उमगेल, अशी त्यांची रचना आहे. मालकांविषयी त्यांत कडवटपणा नाही; आणि लढा चालविताना दानाच्या पैशावर विसंबू नये, अंगमेहनतीने पोट भरावे, हे अप्रिय सत्यही त्यांत आडपडदा न ठेवता सांगितले आहे.

१५ मार्चला गांधीजींनी उपोषण आरंभिले. मालकांशी स्नेहसंबंध असल्यामुळे त्यांच्यावर दडपण येणार, हा उपोषणातील दोष त्यांनी स्वतःच जाहीरपणे मान्य केला. १८ मार्चला तडजोड झाली: पहिल्या दिवशी ३५ टक्के, म्हणजे कामगारांची प्रतिज्ञा राहिली; दुसऱ्या दिवशी २०, म्हणजे मालकांचा शब्द राहिला; आणि तिसऱ्या दिवसापासून लवादाचा निर्णय होईतो साडेसत्तावीस. जमलेल्या हजारोंपुढे हा निर्भेळ विजय म्हणून सहज मिरविता आला असता. गांधीजींनी मात्र सांगितले की, यात प्रतिज्ञेचे केवळ अक्षर पाळले गेले आहे, तिचा आत्मा नव्हे.

पुढे ऑगस्टमध्ये लवाद आनंदशंकर ध्रुव यांनी ३५ टक्क्यांचाच निवाडा दिला. परंतु मार्चमध्ये तो कोणालाच ठाऊक नव्हता. हाती अपुरे यश असताना ते अपुरे आहे असे अनुयायांना सांगण्यात जो धोका असतो, तो गांधीजींनी त्या दिवशी पत्करला. १९२० मध्ये याच कामगारांमधून मजूर महाजन संघ उभा राहिला, त्याच्या पायाशी हा उघडा हिशेबही आहे, असे आम्ही मानतो.