मूळ प्रत आणि वाटपाची प्रत

तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर पापनाशम् ओलांडले की सुंदरपेरुमाळ कोयिल हे लहानसे स्थानक लागते. पेरुमाळ म्हणजे विष्णू, कोयिल म्हणजे देऊळ. कावेरीकाठचा हा मुलूख सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १७९९ पर्यंत भोसल्यांच्या अमलाखाली होता. त्या वर्षी सरफोजीराजांनी कारभार कंपनी सरकारकडे सोपविला आणि १८५५ नंतर उरलेसुरले राज्यही खालसा झाले. मराठी मात्र घरांतून टिकली. तमिळच्या शेजारात तिला वेगळे वळण लागले, आणि तिलाच आपण तंजावुरी मराठी म्हणतो.

महाराष्ट्राबाहेर राहणारी अनेक कुटुंबे आता आजी-आजोबांचे बोलणे, घरची गाणी, सणवारांचे विधी टिपून ठेवतात, त्यांची काटछाट करतात आणि इंटरनेटवर चढवितात. संपादन संपल्यावर आणि फाइल चढविण्यापूर्वी एक निर्णय घ्यावा लागतो, तो म्हणजे काय ठेवावयाचे आणि काय टाकावयाचे. हा निर्णय तंत्रज्ञाचा आहे असे आपण समजतो. वस्तुतः तो दप्तराचा, म्हणजेच प्रशासनाचा आहे.

तंजावरच्या राज्यकर्त्यांना दप्तराची उत्तम जाण होती. १८०३ साली सरफोजीराजांनी भोसले घराण्याचा इतिहास बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला. सरस्वती महाल ग्रंथालयाला त्यांनीच वैभव दिले. राज्याचे मोडी कागदही मोठ्या संख्येने टिकून राहिले. पण दगड काय किंवा कागद काय, अक्षरे जपतो, उच्चार जपत नाही. 'जग' हा एकच शब्द पाहा. दुनिया या अर्थी त्यातला 'ज' तालव्य आहे, तर 'तू जग' म्हणताना तो दंत्य होतो. देवनागरी लिहिण्यात हा भेद दाखवीत नाही, मोडीही दाखवीत नाही. तो ऐकूनच कळतो. म्हणून एखाद्या बोलीचे ध्वनिमुद्रण हा त्या बोलीचा असा पुरावा आहे की ज्याची जागा कोणताही लेख घेऊ शकत नाही.

ही गोष्ट एका सनदी अधिकाऱ्याने फार पूर्वी ओळखली होती. जॉर्ज ग्रिअर्सन हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधले. भारतीय भाषांच्या पाहणीचे खंड त्यांनी १९०३ ते १९२८ या काळात प्रसिद्ध केले. मद्रास इलाखा त्या पाहणीच्या कक्षेबाहेर राहिला आणि तंजावर जिल्हाही त्याबरोबर बाहेर पडला. याच पाहणीच्या जोडीने, प्रांतिक सरकारांच्या साहाय्याने, १९१३ ते १९२९ या काळात निरनिराळ्या भाषा व बोलींच्या ग्रामोफोन तबकड्या तयार करण्यात आल्या. बायबलमधील उधळ्या पुत्राची गोष्ट अनेक बोलींत सांगून घेतली, म्हणजे तुलना सोपी व्हावी. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची, तेव्हा संपादन मुद्रणापूर्वीच करावे लागे. १९२५ च्या सुमारास विद्युत् ध्वनिमुद्रण येईपर्यंत तर कर्ण्यात बोलावे लागे आणि वरच्या पट्टीतले ध्वनी तबकडीवर उमटतच नसत. तरीही त्या तबकड्या जपल्या गेल्या. म्हणूनच पुढे शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीला त्या इंटरनेटवर आणता आल्या. मूळ वस्तू उरली नसती तर इंटरनेट येऊनही उपयोग झाला नसता.

इंटरनेट आले तेव्हा अडचण आकाराची होती. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी ही सेवा जनतेस खुली केली. सीडीच्या दर्जाचा एक तासाचा ध्वनी सुमारे ६३५ मेगाबाइट भरतो. तोच सेकंदास १२८ किलोबिटच्या एमपी३मध्ये सुमारे ५८ मेगाबाइट होतो. छप्पन किलोबिटच्या मोडेमवरून तेवढा उतरवून घेण्यासही दोन तासांहून अधिक वेळ लागे. एमपी३ची युक्ती अशी की मानवी कानाला जे सहसा जाणवत नाही ते टाकून द्यावयाचे. संगीत ऐकताना हे बहुधा खपून जाते. परंतु बोलणेच आहे म्हणून सेकंदाला आठ हजारच नमुने घेतले, तर चार हजार हर्ट्झच्या वरचे सर्व काही नाहीसे होते. दंत्य आणि तालव्य 'च', 'ज' यांचा भेद ओळखविणारी बरीचशी खूण नेमकी त्याच पट्टीत असते. आकार वाचतो आणि पुरावा जातो.

चित्रफितीचेही तसेच आहे. आपल्याकडच्या जुन्या व्हिडिओ टेपमध्ये सेकंदाला पंचवीस चित्रे, आणि प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत विणलेले. ते अर्धे नीट न जुळविता संगणकासाठी प्रत काढली तर हलणाऱ्या हातांच्या कडांना फणीसारखे दाते दिसतात. २००३ साली आलेली एच.२६४ पद्धत प्रत्येक चित्र पूर्ण न साठविता बहुतांशी बदल तेवढे नोंदविते. एमपी४ फाइलमधली सूची शेवटी राहिली तर संपूर्ण फाइल उतरेपर्यंत चित्रफीत सुरूच न होण्याचा संभव असतो, म्हणून प्रत काढतानाच ती सूची आरंभी आणावी. प्रेक्षकाच्या सोयीसाठी हे सर्व केलेच पाहिजे.

पण सोयीची प्रत म्हणजे अभिलेख नव्हे. १९९५ साली आलेले रिअल ऑडिओ एके काळी सर्वत्र होते. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश प्लेअरचा आधार संपला. त्या रूपांत ज्यांनी आपले सर्वस्व ठेवले आणि मूळ टेप पुसून टाकल्या, त्यांच्या वाट्याला प्रतीची प्रत काढणे आले. आधीच आटविलेली फाइल पुन्हा आटविली की दर फेरीला आणखी काही गळते. गळलेले परत आणण्याचा उपाय नाही.

प्रशासनात हा नियम जुना आहे. मूळ कागद अभिलेखागारात राहतो आणि नक्कल अर्जदारास मिळते. नक्कल दिली म्हणून मूळ कागद कोणी फाडीत नाही. घरच्या ध्वनिमुद्रणालाही तोच नियम लावावा. न आटविलेली वेव्ह किंवा काही न गमावता आटविणारी फ्लॅक फाइल दोन निरनिराळ्या ठिकाणी जपावी. सोबत साध्या मजकुराची एक नोंद असावी. बोलणारे कोण, गाव कोणते, तारीख कोणती, त्यांची संमती कशापुरती आहे आणि संपादनात काय वगळले, एवढे तीत आले तरी पुरे. मग वाटपाची प्रत हवी तेवढी लहान करा, काळानुसार तिचे रूप बदला.

तंजावुरी मराठी बोलणाऱ्या पिढ्यांपैकी वडीलधारी पिढी आज थकत चालली आहे. त्यांचे बोलणे टिपणारे पुष्कळदा घरचेच कोणी असते आणि साधन हातातला मोबाइल. त्या घराला सरकारी अभिलेखपाल मिळणार नाही. पाठविण्याचे बटण दाबण्यापूर्वी मूळ फाइल बाजूस काढून ठेवणे, एवढे अभिलेखपालाचे काम त्या घरच्या माणसालाच करावे लागेल.