जागर, जागल आणि पाळी : नंदुरबार परिसरातील रात्रव्यवहाराचा इतिहास

रात्रीचा इतिहास हा विषय आपल्याकडील इतिहासलेखनात अद्याप फारसा रुळलेला नाही. राज्ये, वतने, पिके, चळवळी यांचा इतिहास आपण लिहितो, तो बहुतेक दिवसाचाच असतो. अमेरिकेत मात्र ह्या विषयाला बरीच प्रतिष्ठा लाभलेली आहे. मरे मेल्बिन ह्या समाजशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये एका लेखात आणि पुढे १९८७ मध्ये ग्रंथरूपाने असा सिद्धान्त मांडला की, ज्याप्रमाणे अमेरिकन वसाहतकार पश्चिमेकडील भूमीत टप्प्याटप्प्याने सरकत गेले, त्याचप्रमाणे आधुनिक नागर समाज दिवसाची सीमा ओलांडून रात्रीच्या प्रदेशात वस्तीला गेला. हा सिद्धान्त आकर्षक आहे यात शंका नाही. परंतु त्याच्या पोटात एक गृहीतक दडलेले आहे. ते असे की, वस्ती होण्यापूर्वी हा प्रदेश ओसाड होता. पश्चिमेकडील भूमीविषयी हे गृहीतक जसे खोटे होते, तसेच ते रात्रीविषयीही खोटे आहे किंवा कसे, हे तपासण्यासाठी मोठी शहरे नसलेल्या एखाद्या प्रदेशाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. प्रस्तुत लेखात त्यासाठी नंदुरबार जिल्हा निवडला आहे.

हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा आणि अक्राणी असे त्याचे सहा तालुके. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे लोकसंख्येतील सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे असून नागरी लोकसंख्येचे प्रमाण सतरा टक्क्यांच्या आत आहे. चोवीस तास उघड्या असलेल्या पेढ्यांचा इतिहास लिहिणारा अभ्यासक येथे सहसा येणार नाही. तथापि येथील रात्र कधीही ओसाड नव्हती. तिच्यातील जागेपणाचे निदान तीन प्रकार स्पष्ट दिसतात आणि त्या तिन्हींसाठी मराठीत तीन वेगवेगळे शब्द आहेत : जागर, जागल आणि पाळी. हे तीन शब्द म्हणजेच रात्रव्यवहाराच्या इतिहासाचे तीन थर होत, असे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

अमेरिकन शहरांची हकीकत

तुलनेसाठी अमेरिकन शहरांची हकीकत थोडक्यात ध्यानात घेतली पाहिजे. १८७२ मध्ये ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स शहरी वॉल्टर स्कॉट नावाच्या गृहस्थाने घोड्याच्या गाडीतून रात्री खाद्यपदार्थ विकण्यास प्रारंभ केला. त्याचे एक प्रमुख गिऱ्हाईक म्हणजे वृत्तपत्राच्या कचेरीत रात्री काम करणारी माणसे. १८८२ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीट येथील एडिसनचे वीजकेंद्र सुरू झाले आणि १९०४ मध्ये तेथील भुयारी रेल्वे धावू लागली. १९४६ मध्ये एका दुकानमालिकेने आपले नावच 'सेव्हन-इलेव्हन' असे ठेवले. सकाळी सात ते रात्री अकरा एवढा वेळ दुकान उघडे राहते, ही त्या काळी जाहिरात करण्याजोगी गोष्ट होती. त्याच मालिकेतील टेक्सासमधील ऑस्टिन येथील दुकान १९६३ मध्ये अहोरात्र उघडे राहू लागले, तेव्हा नाव मागे पडले आणि व्यवहार पुढे गेला. हीच मालिका ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईत अंधेरीपर्यंत येऊन पोचली.

ह्या हकीकतीतील क्रम लक्षणीय आहे. रात्रीचे गिऱ्हाईक म्हणजे मुळात रात्रीचा कामगार होय. करमणुकीसाठी जागणारा नागरिक नंतर आला. आधी कोणी तरी कामासाठी जागा राहिला, त्याला भूक लागली, म्हणून दुसरा कोणी जागा राहिला. अहोरात्र चालणाऱ्या व्यवहाराची साखळी अशी वाढत जाते. उजळलेल्या रस्त्यांच्या वर्णनात ही साखळी पुष्कळदा दृष्टिआड होते.

जागर

आता नंदुरबारकडे वळू. अक्कलकुवा तालुक्यातील काठी ह्या जुन्या संस्थानी गावची होळी प्रसिद्ध आहे. स्थानिक परंपरा तिचा आरंभ इ. स. १२४६ मध्ये मानते. उंच बांबू उभा करावयाचा, ढोलाच्या तालावर रात्रभर नाचावयाचे आणि पहाटे होळी पेटवावयाची, असा तिचा क्रम आहे. कमरेला भोपळे व घुंगरू बांधणारे बुध्या आणि त्यांच्यासारखे इतर व्रतस्थ नर्तक काही दिवस आधीपासून कडक नियम पाळतात. येथे जागरण हे करमणूक आहे, तसेच ते व्रतही आहे. या दोहोंना वेगळे करणे अवघड आहे आणि तसा प्रयत्नही करू नये.

दुसरे उदाहरण शहादे तालुक्यातील तापीकाठच्या सारंगखेड्याचे. येथे दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते. घोड्यांच्या बाजारासाठी ती दूरवर ख्यात आहे. यात्रेला दुकाने, उपाहारगृहे, तमाशाचे तंबू यांची जोड असते. म्हणजे ज्याला आज आपण रात्रीची बाजारपेठ म्हणू, तिचे सर्व घटक येथे आहेत. ते वर्षातून काही दिवसांसाठी एकत्र येतात एवढेच.

या दोन्ही प्रसंगांत एक समान गोष्ट आहे. होळी फाल्गुनी पौर्णिमेची आणि दत्तजयंती मार्गशीर्षातील पौर्णिमेची. कृत्रिम प्रकाश महाग असलेल्या काळात मोठा जनसमुदाय रात्री एकत्र यावयाचा तर चंद्राची सोय पाहणे स्वाभाविक होते. सण पौर्णिमेला असण्याची कारणे केवळ एवढीच आहेत असे म्हणण्याचा हेतू नाही. पण वीज येण्यापूर्वी रात्रीच्या समुदायजीवनाला पंचांग हेच वेळापत्रक होते, एवढे निश्चित म्हणता येते. जागराची व्याख्या यावरून करता येईल : सर्वांनी मिळून, ठरलेल्या तिथीला जागणे. त्यात सेवक व सेव्य असा भेद गौण असतो आणि जागरानंतरची विश्रांतीही सर्वांचीच असते.

जागल

दुसरा थर जागलीचा. शेतातील उभ्या पिकाची आणि गावाची रात्रीची राखण म्हणजे जागल, आणि गावाची जागल करणारा तो जागल्या. खानदेशात हे काम बहुधा भिल्लांकडे असे. १८१८ नंतर इंग्रजांनी खानदेशचा ताबा घेतला, तेव्हा डोंगरातील भिल्लांशी त्यांचा दीर्घ संघर्ष झाला. १८२५ मध्ये जेम्स औट्रम याच्या हाताखाली भिल्ल पलटण उभारण्यात आली. ज्यांच्या रात्रीच्या हालचालींचे सरकारला भय होते, त्यांनाच रात्रीच्या बंदोबस्तास लावण्याचे हे धोरण होते. गावपातळीवरील जागल्याच्या कामातही हेच तत्त्व जुन्या काळापासून दिसते.

जागर आणि जागल हे दोन्ही शब्द 'जाग' ह्या एकाच मुळाचे, पण त्यांचा सामाजिक अर्थ परस्परविरुद्ध आहे. जागरात सारा गाव जागतो. जागलीत गावाने झोपावे म्हणून एकजण जागतो. शिवाय 'जागल्या' हे केवळ कामाचे नाव राहिले नाही. ते वंशपरंपरेचे पद झाले, त्याला जमीन वा धान्याच्या रूपाने मोबदला जोडला गेला आणि त्याबरोबर हलकेपणाची पायरीही जोडली गेली. १९५८ च्या मुंबई कनिष्ठ गावकामगार वतन निर्मूलन कायद्याने ही व्यवस्था कायद्याने संपुष्टात आणली. वतन गेले, पण काम गेले नाही. गोदामे, बँका, इमारती यांच्या दाराशी रात्रभर बसणारा पहारेकरी आज 'वॉचमन' किंवा 'सिक्युरिटी' या नावाने ओळखला जातो. मूळ शब्दात जागण्याची क्रिया होती. आजच्या शब्दात ती उरलेली नाही. भाषेच्या अभ्यासकास हा फरक क्षुल्लक वाटू नये, कारण जागण्याचा उल्लेख गेला की जागण्याच्या मोबदल्याचा प्रश्नही मागे पडतो.

पाळी

तिसरा थर यंत्रयुगाचा. सुरत ते अमळनेर हा तापी खोऱ्यातील लोहमार्ग १९०० च्या सुमारास पूर्ण झाला आणि नंदुरबार व नवापूर ही गावे त्यावर आली. आगगाडीला पौर्णिमा व अमावास्या सारखीच. तिच्यासाठी स्टेशनात, फाटकावर, सिग्नलपाशी कोणी ना कोणी नित्य जागा असावाच लागतो. तिथीऐवजी घड्याळ आणि प्रसंगाऐवजी नित्यक्रम, असा हा बदल होय. मुंबईच्या गिरण्यांत १९०५ च्या सुमारास विजेचे दिवे आल्यावर कामाचा दिवस अवाजवी लांबला, आणि १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांना बारा तासांची मर्यादा घालावी लागली. नंदुरबार परिसरात कारखानदारीची रात्रपाळी उशिरा आली. शहादे आणि नवापूर तालुक्यांतील सहकारी साखर कारखाने हे तिचे ठळक उदाहरण. गळीत हंगामात गाळप थांबवणे परवडत नाही, म्हणून काम तीन पाळ्यांत चालते आणि उसाच्या गाड्या रात्रीही रांगेत असतात. तिकडे नवापूरवरून जाणाऱ्या धुळे–सुरत महामार्गावर मालमोटारींच्या चालकांसाठी ढाबे जागे राहतात. प्रॉव्हिडन्सच्या त्या घोडागाडीचे हे येथील रूप म्हणता येईल.

'पाळी' हा शब्द येथे विचारात घेण्याजोगा आहे. इंग्रजीत रात्रीच्या अखेरच्या पाळीला स्मशानाचे विशेषण लावतात. मराठी शब्दात तशी भीती नाही, न्यायाची एक कल्पना मात्र आहे. पाळी म्हणजे क्रमाने येणारा वाटा. आज माझी, उद्या तुझी. 'आळीपाळीने' या शब्दात हा अर्थ अधिकच स्पष्ट होतो. कामगाराने रात्रपाळी पत्करली ती या अध्याहृत आश्वासनावर की, ती फिरती राहील.

कायद्याने हे आश्वासन काही अंशी लेखी केले. १९४८ च्या कारखाना कायद्यात 'दिवस' म्हणजे मध्यरात्रीपासूनचे चोवीस तास अशी व्याख्या होती. परंतु रात्रपाळीच्या कामगाराची सुटी त्याची पाळी संपल्यापासून मोजावी, असा अपवादही त्यात होता. रात्री जागणाऱ्याचा दिवस वेगळा असतो, हे कायद्याने मान्य केले होते. त्याच वर्षीच्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याने दुकाने बंद करण्याच्या वेळांचे नियमन केले. २०१७ च्या महाराष्ट्राच्या नव्या कायद्याने हे धोरण उलटे केले. दुकाने वर्षभर अहोरात्र उघडी ठेवण्याचा मार्ग त्याने मोकळा केला. मात्र साप्ताहिक सुटी कायम ठेवली, आणि स्त्री कामगारांना रात्री साडेनऊनंतर काम देताना त्यांची संमती व संरक्षण यांच्या अटी घातल्या. जानेवारी २०२० मध्ये मुंबईच्या काही बिगरनिवासी भागांत रात्रभर व्यवहार चालविण्याचे धोरण मंत्रिमंडळाने मंजूर केले, तेव्हा 'रात्रजीवन' हा शब्द वृत्तपत्रांत सर्वत्र दिसू लागला.

कायद्याबाहेरची रात्र

परंतु नंदुरबार जिल्ह्यातील सर्वांत मोठा रात्रव्यवहार ह्या कायद्यांच्या कक्षेत येतच नाही. तो म्हणजे रात्री पिकांना पाणी देणे. महाराष्ट्रात शेतीपंपांना वीज आळीपाळीने, काही दिवस दिवसा आठ तास व काही दिवस रात्री दहा तास, अशी देण्याची पद्धत अनेक वर्षे चालत आली. रात्रीच्या फेऱ्यात शेतकऱ्याने किंवा त्याच्या सालदाराने अंधारात बारे द्यावयाचे. वाटेत विंचूकाटा, आणि ऊस वाढलेल्या पट्ट्यात बिबट्या. शहराची दिवसाची गरज भागून उरलेली वीज रात्री शेताकडे वळते, म्हणून हा शेतकरी जागा राहतो. दिवसा वीज देण्याच्या हेतूने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, यावरून ही अडचण शासनानेही ओळखली असे दिसते.

येथे आपल्या तीन शब्दांची कसोटी लागते. हे जागणे जागर नव्हे, कारण त्यात समुदाय नाही. ती पाळी म्हणावी, तर तिच्या क्रमात शहराचा वाटा कधीच येत नाही. अर्थाने ती जागलच आहे : दुसऱ्यांच्या सोयीसाठी एकाने जागणे. फरक एवढाच की, जुन्या जागल्याला धान्य तरी मिळे. मेल्बिनच्या रूपकात रात्र ही पुढे सरकणाऱ्यांची सीमा आहे. नंदुरबारच्या पुराव्यावरून म्हणावेसे वाटते की, रात्रीची वाटणी हा मुळात सत्तेचा प्रश्न आहे. दिवा आणि यंत्र यांनी तो निर्माण केला नाही, केवळ त्याची व्याप्ती वाढविली.

या दिशेने संशोधन व्हावयाचे तर एक काम तातडीचे आहे. अहिराणी, भिली, पावरी, मावची, गुजरी ह्या बोलींमधील रात्रीच्या प्रहरांची, राखणीची, रात्रीच्या कामांची व त्यांच्या मोबदल्याची शब्दसंपत्ती गोळा केली पाहिजे. वतने जाऊन सहा दशकांहून अधिक काळ लोटला आहे. जागल्याचे काम प्रत्यक्ष केलेली किंवा ते घरात पाहिलेली माणसे आता वृद्धत्वाच्या अखेरच्या टप्प्यावर आहेत, आणि त्यांच्या कामाची नोंद सरकारी दप्तरात सापडली तरी ती सरकारच्या भाषेत सापडते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी जे त्या परिसरातून येतात, त्यांना ही भाषा घरात उपलब्ध आहे. रात्र कोणाची होती, हे सांगणारे साक्षीदार आहेत तोवरच त्यांना विचारले पाहिजे.