पेणकरपाड्याची डोंगरकड आणि सायकल

दहिसर नाक्याच्या उत्तरेस असलेल्या पेणकरपाड्याच्या पश्चिमेला खाडी आणि मिठागरांचा सखल प्रदेश, तर महामार्गापलीकडे पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर असल्यामुळे, या परिसरातील सायकलीचा विचार पायवाटांपासून वेगळा करता येत नाही. डोंगरी सायकल, म्हणजे रुंद व खाचदार टायरांची, गिअर बसवलेली सायकल, अमेरिकेतील मॅरिन काउंटीत 1970 नंतरच्या दशकात घडली. तेथील तरुण जुन्या जाड टायरांच्या सायकली डोंगरउतारावरून सोडत, आणि 1976 पासून भरलेल्या 'रीपॅक' शर्यतीचे नावच मुळी यावरून पडले की एका उतारात मागच्या ब्रेकमधील ग्रीस जळून जाई व ते पुन्हा भरावे लागे. आपल्याकडे मात्र दांड्याच्या ब्रेकची, कॅरिअर लावलेली काळी सायकल हे ओझ्याचे वाहन होते, आणि कच्च्या वाटांवरून ती नेणाऱ्या कष्टकऱ्यांना या इतिहासात मानाचे स्थान मिळायलाच हवे. पुढे 'रेंजर' या नावाने ओळखली जाणारी जाड टायरांची सायकल मुलांच्या हाती आली, तेव्हा तीच खडबडीत वाट हौसेची झाली. तरीही या हौसेला कायद्याची सीमा आहे: 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार राष्ट्रीय उद्यानात परवानगीविना शिरता येत नाही, आणि बिबट्यांच्या या अधिवासात ते बंधन रास्तच आहे, म्हणून हौशी सायकलस्वार बोरिवलीच्या प्रवेशद्वारातून कान्हेरी लेण्यांकडे जाणारा चढाचा रस्ता धरतात.