सह्याद्री धावला, अहवाल मात्र कपाटातच

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आला की जनरल जयंतनाथ चौधुरींचं नाव निघतं. सप्टेंबर 1948 मध्ये सोलापूरकडून निजामाच्या राज्यात शिरलेल्या फौजेचे ते प्रमुख. नंतर ते हैदराबाद राज्याचे लष्करी गव्हर्नर झाले, म्हणजे आपलं शहरही त्यांच्याच कारभाराखाली होतं. याच चौधुरींची आणखी एक गोष्ट आहे, ती कुणी फारशी सांगत नाही.

20 ऑक्टोबर 1962. चीनने हल्ला केला आणि महिनाभरात आपली दाणादाण उडाली. कृष्ण मेनन यांना जावं लागलं, मुंबईहून यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला', हे आपण लहानपणापासून ऐकतोय. तेव्हा लष्करप्रमुख झालेल्या चौधुरींनी पराभवाची चौकशी लावली. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी 1963 मध्ये अहवाल दिला.

2 सप्टेंबर 1963 ला चव्हाण लोकसभेत बोलले. गुप्त माहिती मिळवण्याचं काम समाधानकारक नव्हतं, माहिती उशिरा आणि मोघम यायची, हे त्यांनी कबूल केलं. अहवाल मात्र जाहीर केला नाही. कारण दिलं सुरक्षेचं आणि जवानांच्या मनोधैर्याचं. युद्ध नुकतंच संपलेलं, ते तेव्हा पटण्यासारखंही होतं.

मग आतलं बाहेर आणलं कुणी? लंडनच्या 'द टाइम्स'चे दिल्लीतले बातमीदार नेव्हिल मॅक्सवेल यांनी. 1970 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. आपण पुढे पुढे चौक्या टाकल्या तरी चीन गप्प बसेल, असं दिल्लीने धरून चालल्याचं त्यांनी लिहिलं. नेहरूंवर थेट बोट ठेवलं. साहजिकच 'चीनधार्जिणा' हा शिक्का बसला.

आता खरं सांगायचं तर त्यांचा कल चीनकडे होताच. 1967 च्या निवडणुकीआधी भारतातली लोकशाही संपत आल्याचं भाकीतही त्यांनी केलं होतं, ते साफ चुकलं. पण 2014 मध्ये त्यांनी अहवालाचा बराचसा भाग इंटरनेटवर टाकला, तेव्हा चीन काही करणार नाही हा अंदाज त्यातही सापडला. माणूस एकांगी असेल, कागद खरा होता.

ब्रिटनचंच बघा. इराककडे महासंहारक शस्त्रं आहेत, असं सांगत 2003 मध्ये बुश यांच्यासोबत ब्लेअर युद्धात उतरले. शस्त्रं सापडलीच नाहीत. जगभरच्या पत्रकारांनी दोघांना धारेवर धरलं. शेवटी 2016 मध्ये चिलकॉट अहवाल आला, बारा खंडांचा, सगळ्यांना वाचता येईल असा. त्याने गेलेले जीव परत आले नाहीत, पण सैनिकाच्या आईला निदान कळलं, कुणी काय ठरवलं होतं ते.

आपला अहवाल साठ वर्षं उलटून गेली तरी सरकारने प्रसिद्ध केलेला नाही. 1962 नंतर दिल्लीत किती पक्षांची सरकारं आली, मोजा. कपाटाची किल्ली सगळ्यांनीच जपली.

सैन्याबद्दल काही लिहिलं की कमेंटमध्ये हमखास येतं, 'जवानांवर संशय घेता का?' अहो, संशय जवानांवर नाहीच. अपुऱ्या कपड्यांत, जुन्या बंदुका देऊन त्यांना हिमालयात कुणी आणि कोणत्या माहितीवर पाठवलं, एवढंच विचारायचंय. हा प्रश्न आपण विचारला नाही, म्हणून लंडनच्या पत्रकाराला विचारावा लागला.

यशवंतरावांचा अभिमान मलाही आहे. म्हणूनच तो अहवाल मराठीत वाचायची इच्छा आहे.